आमच्या घरातल्या गोळ्या

७ ऑक्टोबर २०२५
फलोदीच्या पुढे, सोलरची साइट

आई,

तर तुझं म्हणणं काय, की तू माझं नाव घेतलंच नाहीस. माइकवर फक्त स्वतःबद्दल बोललीस. बरं, नाही घेतलंस. पण चाळीतल्या बायकांना एवढा हिशोब येत नाही का? नवरा कशाने गेला ते तू सांगितलंस. तुला एचआयव्ही आहे ते तू सांगितलंस. मुलगा तुझ्याच पोटचा, लहानपणापासून काडी, दर महिन्याला तुझ्याबरोबर सरकारी हॉस्पिटलात जाणारा. राहिलं काय? माझं नाव घ्यायची गरजच नव्हती.

फोनवर हे भांडण काढलं की तू रडतेस. मग मी "बरं बरं, जाऊदे" म्हणतो आणि माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून तुझा नंबर ब्लॉक केलाय आणि तो तसाच राहणार. कागदावर तू रडलीस तरी मला ऐकू येत नाही. नववीतून सुटलेल्याचं अक्षर आहे, लावून वाच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तुझं डोकं मला नंतर कळलं. वाण घेतल्याशिवाय कुठलीच बाई उठत नाही. म्हणून तू वाण शेवटी ठेवलंस आणि आधी माइक घेतलास. दर्शनाताईंनी कल्याणच्या संस्थेत तुला शिकवलं असेल, किंवा तुझंच असेल. चाललं पण. सगळ्या बसून राहिल्या. तिळगुळाचा लाडू हातात तसाच. ऐकलं, वाण घेतलं, गेल्या. आणि सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर वाणात दिलेल्या स्टीलच्या वाट्यांची रांग, सगळ्या परत केलेल्या. कोणीतरी तर लिंबाने घासून ठेवलेली. एवढी लखलखीत भांडी आपल्या दारात कधी नव्हती.

तू त्या वाट्या पिशवीत भरल्यास आणि कल्याणला घेऊन गेलीस. आता तिथल्या बायका त्यात सांजा खातात, मामाने सांगितलं. तुझं असंच आहे. कुठल्याही वाईटातून चांगलं काढतेस. पण ज्याचं वाईट झालं त्याला एकदा विचारावं, ते राहतं.

ऐश्वर्याची आई दुसऱ्या रांगेत होती. तुला माहीत होतं ना आमचं? तळमजल्यावर राहते, रोज दिसते, तुला सगळं माहीत होतं. दोन वर्षं आम्ही तलावपाळीला फेऱ्या मारल्या, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी तिला मावशीकडे बदलापूरला पाठवलं. तिचा एकच मेसेज आला. "तू मला सांगायला पाहिजे होतंस." बस.

कसं सांगणार होतो? बारा वर्षांचा होतो मी. गच्चीवर, वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आड, पाच मिनिटांत तू मला सांगितलंस की मी ज्या रक्त वाढायच्या गोळ्या खातो त्या रक्त वाढायच्या नाहीत. बाबांचा फोटो पदराखाली घालून आणलेलास. त्यावर हात ठेवायला लावलास. कोणाला सांगायचं नाही. मित्राला नाही, मास्तरांना नाही, उद्या लग्नाची वेळ आली तर आधी मला विचारायचं. मी पाळलं. सगळ्यांशी खोटं बोललो, पण ते पाळलं. आणि तू एक दिवस उठलीस आणि माइक घेतलास. तुला ती शपथ मोडायची होती तर मोडायची होती, आई. पण आधी मला सोडवायचं होतंस त्या शपथेतून.

गोळ्यांचं विचारलंयस. त्याचं नंतर.

मी बरा आहे. इथे पॅनल बसवायला लोखंडी खांब उभे करायचं काम आहे. वाळू आणि ऊन. सुरतच्या मिलपेक्षा बरं, इथे हवा तरी आहे. मामाला सांग, एका जागी बूड टिकत नाही म्हणतो ना, इथे टिकलंय.

सुदेश

२८ ऑक्टोबर २०२५

आई,

फराळाचं पार्सल मिळालं. पोचेपर्यंत चिवड्याचा चुरा झालेला, तरी खोलीवरच्या पोरांनी पिशवी झटकून खाल्ला. चकलीचं तर त्यांना सॉलिड कौतुक. आई काय करते विचारलं, म्हटलं हॉस्पिटलात आहे. ते समजले नर्स. समजू दे.

डब्याखालची चिठ्ठी मात्र मी पाण्याच्या टँकरमागे एकटा बसून वाचली. म्हणजे आता १ डिसेंबरला, एड्सच्या दिवशी, तुला माझ्या शाळेत बोलावलंय. नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलायचं आहे. आणि तुला तिथे सहलीची गोष्ट सांगायची आहे, आणि या खेपेला तू आधी मला विचारतेयस.

विचारलंस हे बरं केलंस. पण उत्तर नाही असं आहे. का ते पण लिहितो.

तू चांगलं बोलतेस हे मला मान्य आहे. मी बघितलंय. बाबा गेल्यावर तू दारोदार पोळ्या करत होतीस, तेव्हा नळावर पण मान खाली घालून उभी राहायचीस. मग दर्शनाताईंनी तुला संस्थेत ओढलं, ट्रेनिंग दिलं, हॉस्पिटलात खुर्ची दिली. एचआयव्हीचा नवीन कागद हातात घेऊन कोणी आलं की तू त्यांच्याशी बोलतेस. किती बाया आपल्या घरी आल्या, विष प्यायच्या गोष्टी करत. तू आधी त्यांच्यापुढे ताट ठेवायचीस, म्हणायचीस आधी पोटात घाल, मग रड. त्या जेवायच्या. आज त्यांची पोरं कॉलेजला जातात. अठरा वर्षं तू स्वतः गोळ्या खाऊन ठणठणीत उभी आहेस, हेच बघून अर्ध्यांना धीर येतो. मी हे नाकारत नाही.

आणि लहान मुलांच्या आयांना तू शिकवतेस, पोराला कसं सांगायचं. एकदम सांगायचं नाही. चित्रं काढायची, शरीराचं घर, दारावर वॉचमन, वॉचमन झोपला तर काय होतं. हळूहळू, चार-पाच भेटींत, पोराच्या कलाने. ते मी पडद्याआडून ऐकलंय. ऐकताना मला हसू यायचं. त्यांना वॉचमन मिळाला, मला गोधड्या.

आता सहलीचं. तू लिहिलंयस, "त्या दिवशी मी गप्प राहिले, त्याची खंत मला मुलांसमोर बोलून दाखवायची आहे." वाचलं आणि मला वाटलं ही कुठल्या सहलीबद्दल बोलतेय? म्हणून मी सांगतो, ऐक.

अलिबागची सहल. खोपट डेपोच्या दोन लाल गाड्या ठरवलेल्या. निघायचं अंधारात आणि परत यायचं रात्री, म्हणजे सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही गोळ्या माझ्याबरोबर. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते आणि कोणीतरी विचारतं, म्हणून तू हिंगाची रिकामी डबी धुतलीस, आत कापूस घातलास, कापसात गोळ्या. तुला केवढं डोकेबाज वाटलेलं ते. मलापण.

गाडीच्या दाराशी पीटीचे सर पिशव्या तपासत होते, मोबाइल आणि गुटखा काढायला. माझ्या पिशवीत डबी निघाली. साधी बाटली असती तर औषध म्हणून सोडली असती. पण हिंगाची डबी, आत कापूस, कापसात मोकळ्या गोळ्या, त्यावर नाव नाही, कागद नाही. कोणाला काय वाटणार? मी म्हटलं डोकं दुखतं त्याच्या आहेत. सर म्हणाले डोकं दुखतं तर लपवून कशाला आणतोस? मागून एक जण बोलला, चरसी रे. मला खाली उतरवलं. दोन्ही गाड्या गेल्या. मी खिडकीची जागा रुमाल टाकून धरून ठेवलेली, तो रुमाल पण गेला.

मुख्याध्यापकांनी तुला बोलावलं. तू पोळ्या अर्ध्यावर टाकून आलीस, मनगटापर्यंत पीठ. सर वाईट नव्हते, खरं बोलायचं तर. त्यांनी तुला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, औषध असेल तर डॉक्टरांचा कागद दाखवा, विषय इथेच मिटला." तुझ्या खांद्याला पिशवी होती. त्या पिशवीत माझ्या गोळ्यांची नोंद असलेलं हॉस्पिटलचं पुस्तक होतं, त्याचं टोक मला दिसत होतं. आणि आई, मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. मला वाटलं सुटलो. आता ही पुस्तक काढेल, सर वाचतील, आणि मला एकट्याला हे सांभाळायला नको.

तू टेबलाकडे बघून म्हणालीस, "ह्या गोळ्या आमच्या घरातल्या नाहीत."

सरांनी परत विचारलं. तू परत तेच बोललीस. आणि मग सगळ्यांना खरं वाटावं म्हणून वळून माझ्या कानाखाली मारलीस.

म्हणजे तू गप्प नव्हतीस. गप्प राहिली असतीस तर मी नऊ वर्षं हे डोक्यात घेऊन फिरलो नसतो. गप्प तर मी राहिलो. मी एवढंच म्हटलं की गोळ्या रस्त्यात सापडल्या. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. घरी आलो तर तू दुसऱ्या बाटलीतून गोळी काढलीस आणि पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. मी ती गिळली, तुझ्याकडे बघत.

हे सांगणार आहेस का तू त्या मुलांना? का "मी गप्प राहिले" हेच सांगून टाळ्या घेणार? तसं असेल तर माझी परवानगी नाही. तुझ्या चांगल्या कामासाठी माझी गोष्ट गोड करून वापरू नकोस.

सुदेश

१६ नोव्हेंबर २०२५

आई,

तुझं पत्र आलं. ढाब्यावरच्या पोराने दोन दिवस गल्ल्याखाली ठेवलेलं, त्यावर चहाचा गोल उठलाय, पण वाचता आलं.

तू लिहिलंयस की ते वाक्य तुला रोज आठवतं. फक्त लिहायला हात धजला नाही. दर्शनाताईंना सांगताना पण तू "गप्प राहिले" असंच सांगितलंस, आणि मग ते सांगून सांगून तुलाच खरं वाटायला लागलं. ठीक आहे. निदान हे तरी आता मान्य केलंस.

आणि पोळ्यांचं लिहिलंयस. टेंभी नाक्याच्या आसपास तुझी घरं होती, त्यातलं एक घर त्या पीटीच्या सरांचं. तिथे कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत कळलं असतं, आणि एचआयव्हीवालीच्या हातची पोळी कोणी खाल्ली असती? मग आपण काय खाल्लं असतं? आई, हे मला तू सांगायची गरज नाही. मला तेव्हाच कळलेलं, त्या खोलीतच. तुझ्या हाताला पीठ होतं ना, ते बघूनच कळलं. त्याच पोळ्यांवर मी वाढलो, मी काय बोलणार त्यावर? पण मला कळलं म्हणून लागलं नाही असं होत नाही. तुला पोळ्या आणि मी यातलं एक निवडायचं होतं, तू आपल्या दोघांच्या पोटासाठी पोळ्या निवडल्यास. बरोबर निवडलंस. तरी मला सोडूनच निवडलंस.

आता गोळ्यांचं. तू प्रत्येक वेळी विचारतेस आणि मी टाळतो, तर ऐक आणि लगेच मामाला पळवू नकोस इकडे.

ठाण्याहून निघताना होत्या तेवढ्या घेऊन निघालो. त्या सुरतला असतानाच संपल्या. दुसरीकडे नाव लावून घ्यायचं तर तिथल्या खिडकीवर उभं राहून सांगावं लागतं, कशासाठी आलो. ते माझ्या तोंडातून निघेना. तुझा राग मी गोळ्यांवर काढला म्हण हवं तर. कामं बदलत राहिलो, पावसाळा तसाच गेला. मग ताप यायला लागला, तोंड आतून सोललं, जेवण उतरेना. दसऱ्याच्या आधी कंत्राटदाराला दात दुखतो सांगितलं आणि इथल्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या मॅडम ओरडतील वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. कधीपासून घेतोस विचारलं, म्हटलं सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग एवढी वर्षं सांभाळलेलं का वाया घालवतोस? तेव्हापासून चालू आहे. ताप गेला. रक्त तपासायला घेतलंय. तू हॉस्पिटलात लोकांना समजावतेस ते सगळं मला पाठ आहे, तेव्हा परत लिहून पाठवू नकोस.

मागच्या आठवड्यात गोळ्या आणायला गेलो तेव्हा एक गोष्ट झाली. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा बसलेला. पांढऱ्या मिशा, डोक्याला केशरी फेटा, हातात रिपोर्टचा कागद चोळामोळा केलेला. आतून नाव पुकारलं तरी उठेना. वॉर्डबॉय दोनदा येऊन गेला. म्हातारा म्हणतो, मुझे नहीं जाना, मुझे घर जाके मरना है. मी शेजारी बसलेलो. मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "चाचा, मैं छह साल का था तब से खा रहा हूँ. अभी तेईस का हूँ. लोहे के खंभे उठाता हूँ."

त्याने मला खालून वरपर्यंत बघितलं, बैल बाजारात बघतात तसं. मग विचारतो, शादी हुई? म्हटलं नहीं हुई, उसका कारण अलग है. तो हसला. मिशीतल्या मिशीत, पण हसला. मी त्याला बाहेर नेऊन चहा पाजला, बरोबर बिस्कीट दिलं. आधी पोटात घाल. तुझंच ते, माझ्या तोंडात कधी शिरलं कळलं नाही. मग तो आत गेला. मी बाहेर थांबलो, माझी बस चुकली.

आई, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला स्वतःहून सांगितलं. आणि सांगून झाल्यावर हलकं वाटलं, हे कबूल करतो. तुला त्या हळदीकुंकवाला काय वाटलं असेल ते थोडं समजलं. म्हणून राग गेला असं समजू नकोस, उलट वाढला. कारण हे मी सांगितलं. कोणाला सांगायचं, कधी, किती, ते मी ठरवलं. हीच गोष्ट तू माझ्याकडून काढून घेतलेलीस. ऐश्वर्याला मीच सांगितलं असतं एक दिवस. ती कदाचित गेली असती, कदाचित राहिली असती. ते मला कधीच कळणार नाही आता.

शाळेचं माझं ठरलंय. सांग. पण झालं तसं सांगायचं. तू काय बोललीस ते वाक्य, शब्द न बदलता. सरांनी खुर्ची दिली, कागद मागितला, कागद पिशवीत होता, तरी काढला नाहीस, हे पण. कानाखाली मारलीस ते पण. पोळ्यांचं सांग, तेवढा तुझा हक्क आहे. माझं नाव घ्यायचं नाही. आणि मला काय वाटलं, मी कसा रडलो, मी आता कसा समजूतदार आहे, असलं काही जोडायचं नाही. ते तुला माहीत नाही. तुझं तुझं सांग.

जमत नसेल तर नको जाऊस. तब्येत बरी नाही सांग.

सुदेश

९ डिसेंबर २०२५

आई,

मामाचा फोन आला. तू पत्र लिहीपर्यंत त्याला दम निघाला नाही. तुला माहीत आहे गुणामामा कसा सांगतो, आधी शाळेत चहा पांचट होता इथून सुरुवात.

तो म्हणाला तो सगळ्यात मागे बसलेला, शिपायाच्या शेजारी. नवीन बाई आहेत आता मुख्याध्यापिका, त्यांनी तुला शाल घातली. तू आधी रोगाचं सांगितलंस, कसा होतो, कसा होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही, रोज गोळी घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. पोरं चुळबुळत होती. मग तू हिंगाच्या डबीवर आलीस. पोरं हसली. मामा म्हणाला, हसली ते मला आवडलं नाही, पण तुझी आई पण हसली.

मग गोष्टीत तू मुख्याध्यापकांच्या खोलीत आलीस. मामा म्हणाला, तिथे तू थांबलीस. पाणी मागितलंस. त्याला वाटलं आता ही टाळणार, आणि तो मनात म्हणत होता की टाळ गं बाई, कशाला एवढ्या पोरांसमोर. त्याला आपलं काय ठरलंय ते माहीत नव्हतं ना. आणि मग तू ते वाक्य बोललीस. जसं होतं तसं. कानाखाली मारली ते पण सांगितलंस, हात करून दाखवलास. मामा म्हणाला, नंतर फॅनचा आवाज यायला लागला.

मामाला हे आधी माहीतच नव्हतं. त्याला पण तू "गप्प राहिले" हेच सांगितलेलंस. मग म्हणाला, नऊ वर्षं मी तुला शाळाबुडव्या म्हणत आलो रे. मी म्हटलं मामा, ते जाऊदे, पुढे काय झालं सांग.

पुढचं त्याने सांगितलं ते मी त्याला परत सांगायला लावलं. नववीतली एक मुलगी उठली. दोन वेण्यावाली, पुढच्या बाकावरची. तिने विचारलं की तो मुलगा आता कुठे आहे, आणि त्याने तुम्हाला माफ केलं का?

तू म्हणालीस, "ते मी नाही सांगणार. त्याच्या वतीने बोलायची मला परवानगी नाही."

मामाला वाटलं तू त्या पोरीला झटकलंस. त्याला राग आला, म्हणाला बिचारीने एवढं विचारलं तर हो म्हणायला काय जात होतं? सगळ्यांना बरं वाटलं असतं. मी त्याला साइटवर सायरन झाला म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. सायरन झाला नव्हता. मी उभ्या केलेल्या खांबांच्या रांगेतून नुसता चालत गेलो, शेवटपर्यंत, जिथे कुंपण आहे तिथे, आणि तिथे जरा वेळ बसलो. सुपरवायझर शोधत आला, म्हणतो तबियत ठीक है? म्हटलं ठीक आहे.

आई, हळदीकुंकवाला पण एवढंच करायचं होतं. माझ्या वतीने बोलायची परवानगी नाही, एवढं एक वाक्य. तेव्हा तुला ते सुचलं नाही. आता सुचलं. माझी ऐश्वर्या गेली, माझी शाळा गेली, तेव्हा सुचलं. त्या मुलांचा फायदा झाला. हॉलमध्ये कोण कोण बसलेलं असेल, कोणाच्या दप्तरात काय असेल, देव जाणे. त्यातल्या एकाने जरी घरी जाऊन डबी उघडून दाखवली असेल तर तुझं जाणं कामाला आलं. मी तुझ्यासारखं बोलायला लागलो बघ.

तो चाचा परत भेटला. बरोबर बायकोला घेऊन आलेला, तपासायला. मला बघून लांबूनच तिला सांगतो, वो देख, खंभेवाला. मला तिच्यासमोर परत सगळं सांगायला लावलं. सांगितलं. मॅडम आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, महिन्यातून एकदा येऊन इथे बसशील का नवीन लोकांजवळ? पगार नाही, चहा मिळेल. मी हो किंवा नाही काही म्हटलं नाही. तुला विचारत पण नाहीये. माझं मी ठरवेन.

रक्ताचा रिपोर्ट आला. सुधारतोय म्हणाल्या. अजून पूर्ण नाही.

त्या दोन वेण्यावाल्या मुलीचं. तू उत्तर दिलं नाहीस, तर मी देतो, आणि हे तू तिला सांगू शकतेस, एवढी परवानगी आहे. नाही केलं माफ. अजून नाही. तुझं पत्र आलं की मी ते खिशात घालून फिरतो आणि तरी नाही. दोन्ही एकाच वेळी असतं, हे तिला नववीत कळणार नाही, पण सांगून ठेव.

नंबर अजून ब्लॉकच आहे. पत्र पाठव.

मामा म्हणाला आता डोंबिवलीच्या दोन शाळांनी आणि टिटवाळ्याच्या एकीने बोलावलंय, आणि तासभर उभ्याने बोलून तुझे पाय सुजतात, आणि वर तू बसला लटकून जातेस कारण संस्था प्रवासाचे देत नाही. बसने जायचं नाही. दारातून दारापर्यंत रिक्षा करायची आणि शाळेत खुर्ची मागून घ्यायची, बसून बोललं तरी मुलं ऐकतात. इतके महिने घरखर्चाचे पैसे मी मामाकडे पाठवत होतो, हे मात्र तुझ्या खात्यावर टाकतोय, रिक्षाचे, दुसरीकडे वळवायचे नाहीत. साडेतीन हजार.